हे हेल्मेट कुठल्या पासिंगचं?

रविवारी दुपारी जेवून जरा आडवा होत होतो, तेवढ्यात भाच्याचा व्हॉट्सॲप आला. भाचा स्टुटगार्टला असतो, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये. फोटोत जमिनीवर अंथरलेली जुनी चादर, तिच्यावर केटल्या, चमचे, हात तुटलेली एक बाहुली, आणि मधोमध काळ्या चामड्याचं, डोक्यावर सुळका असलेलं एक हेल्मेट. तिकडे रविवारी जुना बाजार भरतो, त्याला फ्लोमार्क्ट म्हणतात. तिथे तो उभा होता. ‘मामा, विकणारा म्हणतोय प्रशियन घोडदळाचं आहे, शंभर टक्के. घेऊ का?’

मी लिहिलं, ‘थांब. आधी पासिंग बघू.’

रस्त्यात गाडी दिसली की आपली नजर पहिल्यांदा नंबरप्लेटवर जाते. एमएच-०९ दिसलं की ‘कोल्हापूर पासिंग’, एमएच-१२ दिसलं की पुणं. युरोपातल्या घोडदळाच्या जुन्या हेल्मेटांनाही असं पासिंग असतं. फक्त ते एका पाटीवर सलग लिहिलेलं नसतं. थोडं कपाळावर, थोडं कानाजवळ, थोडं मानेखाली असं विखुरलेलं असतं. आणि गाडीसारखीच इथेही पाटी बदलता येते. सगळी गंमत, आणि सगळी फसवणूकही, तिथेच आहे.

‘जर्मन आहे’ म्हणून का भागत नाही?

१८७१ साली जर्मन साम्राज्य उभं राहिलं तेव्हा ती २५ राज्यांची मोट होती. चार राजे, सहा ग्रँड ड्यूक, पाच ड्यूक, सात छोटे संस्थानिक आणि तीन स्वतंत्र शहरं. शिवाय फ्रान्सकडून घेतलेला आल्सास-लोरेनचा मुलूख. प्रशिया सगळ्यांत मोठा, आणि प्रशियाचा राजा हाच सम्राट. पण बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेंबर्ग या तीन राज्यांनी आपापलं सैन्य आणि आपापलं युद्धमंत्रालय शेवटपर्यंत राखलं. बव्हेरियाचं सैन्य तर शांततेच्या काळात सम्राटाच्या हाताखाली नव्हतंच. लढाई लागली तरच. बाकीच्या राज्यांनी करार करून आपल्या पलटणी प्रशियाच्या सैन्यात मिसळल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांनी एवढं मात्र सांभाळलं, की शिपायाच्या डोक्यावरची खूण आपलीच राहील.

मराठी वाचकाला हे समजायला फार लांब जायला नको. शिंदेशाही पगडी वेगळी, होळकरशाही वेगळी, गायकवाडी वेगळी आणि पुणेरी तर वेगळीच. सगळे मराठेच, पण माणूस दरबारात शिरला की तोंड उघडायच्या आत तो कुठल्या सरकारचा ते कळायचं. त्याला नुसतं ‘मराठा सरदार’ म्हटलं तर चूक नाही, पण काही सांगितलंही नाही. १८७१ ते १९१८ या काळातल्या हेल्मेटाला नुसतं ‘जर्मन’ म्हणणं तसंच आहे.

सुळका दिसला म्हणजे घोडदळ?

नाही. हा पहिला गैरसमज. या सुळकेवाल्या हेल्मेटाला जर्मनीत ‘पिकेलहाउब’ म्हणतात. प्रशियाचा राजा फ्रीडरिख विल्हेल्म चौथा याने १८४२ साली ते आपल्या सैन्यात आणलं. सुरुवातीला ते चांगलंच उंच होतं, पुढे दर काही वर्षांनी बुटकं आणि हलकं होत गेलं. पायदळाने ते घातलं, घोडदळाने घातलं, पुढे पोलिसांनीही घातलं. म्हणजे सुळका हा घोड्याचा पुरावा नव्हे.

उलट घोडदळातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर सुळका नव्हताच. भाला घेऊन लढणाऱ्या स्वारांना ‘उलान’ म्हणत. त्यांच्या डोक्यावर पोलंडकडून आलेली चौकोनी माथ्याची ‘चापका’. बघितली की पालथ्या वाटीवर पाट ठेवल्यासारखं वाटतं. ‘हुसार’ हंगेरीच्या वळणाचे, त्यांच्याकडे केसाळ कातड्याची टोपी. सुळकेवाली मंडळी मुख्यतः दोन. ‘क्युरासिए’ म्हणजे चिलखत घालणारे जड स्वार, त्यांचं हेल्मेट धातूचं. आणि ‘ड्रॅगून’, म्हणजे मुळात घोड्यावरून जाऊन उतरून लढणारे आणि पुढे पूर्ण स्वार झालेले, त्यांचं चामड्याचं.

चामड्याच्या हेल्मेटात ड्रॅगून ओळखायला तीन ठिकाणी बघायचं. पुढचा छज्जा पायदळाच्या शिपायाच्या हेल्मेटाला गोलसर असतो, ड्रॅगूनाच्या हेल्मेटाला कोपरे काढलेला, चौकोनी. सुळक्याची बैठक पायदळाच्या शिपायाची गोल ताटलीसारखी, ड्रॅगूनाची चार पाकळ्यांच्या फुलीसारखी. आणि हनुवटीखालून जाणारा खवल्यांचा पट्टा घोडदळात फुगीर खवल्यांचा असतो. फक्त इथे एक मेख आहे. पायदळाच्या अधिकाऱ्याच्या हेल्मेटालाही फुलीची बैठक असते, आणि सेनापतींचा छज्जाही चौकोनी असतो. तेव्हा तिन्ही गोष्टी एकत्र बघायच्या.

भाच्याला म्हटलं, बाजूने फोटो काढ. आला. छज्जा चौकोनी, बैठक फुलीची, खवले फुगीर. ड्रॅगून. विकणाऱ्याचं ‘घोडदळ’ तरी खरं निघालं.

कपाळावरचा बिल्ला

राज्य सांगणारी सगळ्यांत ठळक खूण म्हणजे कपाळावरचा धातूचा मोठा बिल्ला. प्रशियाचा गरुड असतो, पंख पसरलेला, आणि बहुतेकदा ‘देवासह, राजा आणि पितृभूमीसाठी’ अशा अर्थाची फीत. बव्हेरियाची ढाल दोन सिंहांनी धरलेली, खाली ‘इन ट्रॉय फेस्ट’, म्हणजे निष्ठेत अढळ. सॅक्सनीचा बिल्ला आठ टोकांच्या ताऱ्यासारखा आणि मधे राज्याची ढाल. बाडेनचा ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं तोंड आणि सिंहाचं धड असलेला काल्पनिक प्राणी. आपल्या देवळांतला व्याल आठवला तरी चालेल. हेसचा सिंह उभा, पंजात तलवार, भोवती पानांची माळ. मेक्लेनबुर्ग नावाची राज्यं दोन होती, दोन्हींचा किरणांचा तारा.

व्युर्टेंबर्गचा बिल्ला माझ्या आवडीचा. ढालीवर एका बाजूला हरणाची शिंगं, दुसऱ्या बाजूला तीन सिंह, आणि ढाल धरायला एकीकडे सिंह, दुसरीकडे हरीण. खाली लिहिलेलं असतं ‘फुर्खटलोस उंड ट्रॉय’, निर्भय आणि एकनिष्ठ. यातल्या शेवटच्या शब्दाचं स्पेलिंग जुनं आहे. आजच्या जर्मनमध्ये ‘यू’ने संपतो तो शब्द बिल्ल्यावर ‘डब्ल्यू’ने संपतो. घाईत नक्कल करणारा नेमका इथे ‘शुद्धलेखन सुधारतो’ आणि पकडला जातो. मोडीतल्या कागदावर कुणी आजचे ऱ्हस्व-दीर्घ नीट केले तर कसं दिसेल, तसं.

कधी राज्याच्या आत आणखी एक राज्य लपलेलं असतं. काही प्रशियन गरुडांवर ‘पेनिन्सुला’ आणि ‘वॉटर्लू’ असे शब्द सापडतात. जर्मन हेल्मेटावर इंग्रजांची लढाई कशी, असं वाटून माणूस बुचकळ्यात पडतो. उत्तर हानोफर. ते राज्य १८३७ पर्यंत इंग्लंडच्याच राजाच्या ताब्यात होतं. त्याचे सैनिक इंग्रज सेनापती वेलिंग्टनच्या हाताखाली स्पेनमध्ये आणि वॉटर्लूला लढले. १८६६ साली प्रशियाने हानोफर गिळलं. पण पुढे तिथल्या पलटणींचा वारसा नव्या प्रशियन रेजिमेंटांकडे दिला गेला, आणि गरुडाच्या फितीत जुन्या लढाया येऊन बसल्या. गरुड प्रशियाचा, आठवण हानोफरची.

बव्हेरियाची गोष्ट याच्या उलट. तिथे सुळका नकोच होता. १८७१ नंतरही कित्येक वर्षं त्यांचं सैन्य ‘राउपेनहेल्म’ घालत होतं. राउपे म्हणजे सुरवंट. हेल्मेटाच्या माथ्यावर पुढून मागे केसाळ लोकरीचा जाड तुरा, हुबेहूब झाडावरचा सुरवंट. राजा लुडविग दुसरा जिवंत होता तोवर प्रशियाचं हे वळण बव्हेरियाने घेतलं नाही. जून १८८६ मध्ये तो श्टार्नबर्गच्या तळ्यात मृतावस्थेत सापडला, त्याचे काका लुइटपोल्ड राज्यकारभार बघू लागले आणि त्याच वर्षी बव्हेरियाच्या डोक्यावर सुळका आला. त्यामुळे सिंहांची ढाल असलेलं सुळकेवालं हेल्मेट कुणी ‘१८७०च्या युद्धातलं’ म्हणून विकायला काढलं, तर पाकीट बाहेर काढू नये.

भाच्याने बिल्ल्याचा जवळून फोटो पाठवला. हरीण, सिंह, शिंगं. शेवटचं अक्षर ‘डब्ल्यू’च. म्हणजे प्रशिया नव्हे, व्युर्टेंबर्ग. आणि स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी! या राज्याच्या ड्रॅगूनांच्या दोनच रेजिमेंटा होत्या. २५ क्रमांकाची लुडविग्सबुर्गला, २६ क्रमांकाची स्टुटगार्टच्याच कानश्टाटमध्ये. भाच्याची रूम कानश्टाटमध्येच आहे. त्याने लगेच ‘🔥’ टाकला. मी लिहिलं, ‘अजून नाही.’

कानाजवळच्या दोन चकत्या

हनुवटीचा पट्टा हेल्मेटाला जिथे अडकतो, तिथे दोन्ही बाजूंना एकेक रंगीत गोल चकती असते. तिला ‘कोकार्ड’ म्हणतात. उजवीकडे साम्राज्याची काळी-पांढरी-लाल, डावीकडे राज्याची. हे डावं-उजवं घालणाऱ्याचं, बघणाऱ्याचं नव्हे. रंगमंचावर नटाचा डावा तो प्रेक्षकाचा उजवा, तसं. यात भलेभले चुकतात.

राज्यांचे रंग पाठ करायला सोपे आहेत. प्रशिया काळा-पांढरा, बव्हेरिया पांढरा-निळा, सॅक्सनी पांढरा-हिरवा, व्युर्टेंबर्ग काळा-लाल, बाडेन पिवळा-लाल, हेस पांढरा-लाल. गाडीच्या पाटीवर जसं आधी राज्य आणि मग जिल्हा, तसं इथे एका कानाला देश आणि दुसऱ्या कानाला राज्य.

साम्राज्याची चकती आली १८९७ साली, पहिल्या सम्राटाच्या जन्मशताब्दीला. त्याआधी एकच चकती, राज्याची, आणि तीही उजवीकडे. म्हणजे या दोन चकत्यांवरून प्रांतच नाही, काळही कळतो. पण पुरावा म्हणून मी चकत्यांना सगळ्यांत कमी भाव देतो. त्या सुट्या निघतात, हरवतात, सुट्या विकत मिळतात. जुन्या सोफ्याला नवी बटणं लावावीत तितकं ते सोपं आहे.

भाच्याच्या हेल्मेटाला डावीकडे काळी-लाल चकती होती. बिल्ल्याशी जुळणारी. जरा जास्तच छान जुळणारी.

आतले शिक्के

आता हेल्मेट उलटं करायचं. खरी माहिती आत, मान झाकणाऱ्या मागच्या भागाच्या खालच्या बाजूला आणि माथ्याच्या आत असते.

सरकारने शिपायाला दिलेल्या वस्तूवर सरकारचा शिक्का असतोच. आपल्याकडे शाळेच्या बाकावर नंबर घातलेला असतो त्यातलाच प्रकार. जर्मन सैन्यात प्रत्येक आर्मी कोअरचं, म्हणजे एका मोठ्या भागातल्या सगळ्या पलटणींच्या गटाचं, कपडेलत्त्यांचं स्वतंत्र कोठार होतं. त्या कोठाराच्या शिक्क्यात ‘बी. ए.’ ही अक्षरं, रोमन आकड्यांत कोअरचा क्रमांक आणि बहुधा साल असतं. क्रमांक तेरा म्हणजे व्युर्टेंबर्ग. बारा आणि एकोणीस सॅक्सनी. चौदा म्हणजे बाडेन, मुख्यालय कार्ल्सरूह. बव्हेरियाच्या कोअरांचे क्रमांक वेगळे, पहिल्यापासून सुरू होणारे. काही हेल्मेटांवर रेजिमेंटचा, स्क्वाड्रनचा आणि शिपायाचा क्रमांकही असतो. तसं सापडलं तर मग ते हेल्मेट कुठल्या गावच्या तबेल्यातून निघालं ते सांगता येतं.

इथे वाचक विचारेल, शिक्काच नसेल तर? तर दोन शक्यता. एक, हेल्मेट अधिकाऱ्याचं असेल. अधिकारी स्वतःच्या पैशांनी, शहरातल्या चांगल्या दुकानातून हेल्मेट घेत. चामडं पातळ आणि गुळगुळीत, बिल्ला मुलामा दिलेला, आत रेशमी अस्तर, फुलीच्या पाकळ्यांवर छोट्या ताऱ्यांच्या आकाराचे खिळे. त्यावर कोठाराचा शिक्का नसणारच. दुसरी शक्यता, हेल्मेट कालपरवाचं असेल. आपल्याला रुचणार नाही, पण बाजारातल्या बऱ्याच प्रतिकृती भारतातच बनतात. डेहराडूनकडे तलवारी, चिलखतं आणि हेल्मेटं बनवायचा मोठा धंदा आहे. प्रामाणिकपणे ‘प्रतिकृती’ म्हणून विकलेल्या वस्तूत काही वाईट नाही. ती दोन-तीन हातांतून फिरल्यावर ‘आजोबांची’ होते, तिथे घोळ.

आणि बनवणाऱ्याचं नाव सापडलं म्हणून प्रांत सापडला असं होत नाही. येवल्यात विणलेली पैठणी नागपूरची नवरी नेसते. तशी एकेका कारखान्यातून चार-चार राज्यांना हेल्मेटं जात.

शिक्क्याच्या फोटोला भाच्याला पाच वेळा प्रयत्न करावा लागला. चामड्यातला दाब पुसट असतो, समोरून प्रकाश टाकला तर काहीच दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च आडवा धरावा लागतो, म्हणजे अक्षरांच्या कडांना सावली पडते. पाचव्या फोटोत दिसलं. ‘बी. ए.’, मग रोमन चौदा, मग १९०८.

चौदा. तेरा नव्हे.

‘पण बिल्ला तर स्पष्ट दिसतोय ना?’

भाच्याचा पुढचा प्रश्न हाच होता, आणि कुणाचाही हाच असेल. बिल्ला व्युर्टेंबर्गचा, चकती व्युर्टेंबर्गची, मग एका पुसट शिक्क्याने एवढं काय बिघडतं?

बिल्ला काढून मागे बघ, म्हटलं. विकणाऱ्याला विचारून.

बिल्ल्याच्या पाठीला दोन कान असतात. ते चामड्याला पाडलेल्या भोकांतून आत जातात आणि आत अडकवतात. प्रत्येक राज्याच्या बिल्ल्याचा आकार वेगळा, त्यामुळे कानांची जागाही वेगळी. चामड्याला एकदा भोक पडलं की ते बुजत नाही. भिंतीवरचं चित्र बदलून दुसरं लावलं तरी जुन्या खिळ्याचं भोक राहतं ना, तसं. मूळ हेल्मेटाला बिल्ल्याखाली दोनच भोकं असायला हवीत. चार दिसली तर बिल्ला बदललेला आहे, किंवा निदान तशी दाट शंका घ्यावी.

दुसरी खूण आणखी बोलकी. बिल्ला वर्षानुवर्षं एकाच जागी बसला की त्याखालचं काळं रोगण नव्यासारखं राहतं आणि भोवतालचं उन्हाने, हाताळण्याने फिकं पडतं. भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर खाली गडद चौकोन उरतो, अगदी तसा मूळ बिल्ल्याचा आकार चामड्यावर छापलेला राहतो. त्याला कुणी खोटा शिक्का मारू शकत नाही. निदान मला तरी तसा जमवलेला अजून दिसलेला नाही.

संग्राहक अशा हेल्मेटाला ‘लग्न लावलेलं’ म्हणतात. सुटे भाग सगळे खरे, जुने, पण वेगवेगळ्या घरचे. कधी हे फसवायला केलेलं असतं, कधी नसतं. ज्या शिपायाचा बिल्ला तुटला त्याला कोठारातून दुसरा मिळायचा, आणि युद्धानंतर कित्येक घरांत मुलांनी दोन मोडक्यांचं एक चांगलं केलं.

लोखंडी आणि पितळी हेल्मेटं

चामड्याच्या हेल्मेटावर इतकं लिहिलं, कारण बाजारात तीच जास्त येतात. संग्रहालयात मात्र डोळे दिपवतात ती क्युरासिए स्वारांची. धातूचा घुमट आणि मागे मानेवर एकावर एक बसणारे पत्रे. त्याला इंग्रजीत ‘लॉबस्टरची शेपटी’ म्हणतात. कोकणातल्या माणसाने ताटात शेवंड बघितली असेल, तर त्याला आणखी समजावून सांगायला नको.

प्रशियाच्या बहुतेक क्युरासिए रेजिमेंटांचं हेल्मेट पोलादी. सम्राटाच्या खास रक्षकांचं, म्हणजे गार्द द्यु कोर आणि गार्ड क्युरासिए यांचं, तांबूस-पिवळ्या टोंबाकचं. समारंभाला सुळका काढून त्या जागी पंख पसरलेला अख्खा गरुड बसवायचे. सॅक्सनीचे गार्ड रायटरही टोंबाकचंच घालत, पण त्यांच्या डोक्यावर समारंभाला ढाल धरलेला सिंह. लांबून एवढं दिसलं तरी बर्लिन की ड्रेस्डेन ते कळतं. आणि पासेवाल्कच्या दुसऱ्या क्युरासिए रेजिमेंटच्या हेल्मेटावर तर चक्क एक तारीख कोरलेली असते, ‘होहेनफ्रीडबर्ग, ४ जून १७४५’, त्यांच्या पूर्वजांनी गाजवलेल्या लढाईची. याहून सरळ पासिंग नाही.

जाता जाता, टोंबाक म्हणजे तांब्याचं प्रमाण जास्त असलेलं पितळ. हा शब्द जर्मनमध्ये आला मलय भाषेतल्या ‘तेंबागा’वरून, आणि तेंबागाचं मूळ आपलं ‘ताम्र’. बर्लिनच्या सम्राटाच्या रक्षकाच्या डोक्यावर आपलंच तांबं, फिरून फिरून गेलेलं.

जर्मनीच्या बाहेर

दुसऱ्या देशांत हा प्रश्न इतका गुंतागुंतीचा नाही, म्हणून भरभर सांगतो. फ्रान्सच्या क्युरासिए स्वारांच्या हेल्मेटाला सुळका नाही, पितळी तुरा आहे. तुऱ्याच्या पुढच्या टोकाला सापांच्या केसांची मेड्युसा आणि मागे घोड्याच्या शेपटीचे लांब केस. पॅरिसच्या गार्द रेपुब्लिकेनचे स्वार आजही तसंच घालतात, फक्त त्यांच्या हेल्मेटावर पॅरिस शहराचं जहाज असतं. ऑस्ट्रियाच्या ड्रॅगूनाचं काळं हेल्मेट, त्यावर दोन तोंडांचा गरुड आणि उंच कंगोरा. अधिकाऱ्याच्या कंगोऱ्यावर सापाशी झुंजणारा सिंह. इटलीत घोडदळाच्या पहिल्या चार रेजिमेंटांच्या हेल्मेटावर सव्हॉय या राजघराण्याचा क्रॉस. रशियन सम्राटाच्या रक्षक स्वारांकडेही दोन तोंडांचा गरुड, पण तो हेल्मेटाच्या माथ्यावर बसतो आणि कपाळावर सेंट अँड्र्यूचा तारा. ऑस्ट्रिया की रशिया, असा गोंधळ झाला तर गरुड कुठे बसलाय ते बघायचं. इंग्लंडात ड्रॅगून गार्ड पितळी आणि ड्रॅगून पांढऱ्या धातूचं घालत, आणि बहुतेकदा रेजिमेंटचं नाव बिल्ल्यावरच लिहिलेलं असतं. त्यांच्या हौशी स्वारांच्या, म्हणजे येओमनरीच्या, हेल्मेटांवर परगण्याचं नाव वाचायला मिळतं. नुसतं वाचायचं.

आणि सुळका म्हणजे जर्मन, हेही सोडून द्यायला हवं. प्रशियाने १८७०-७१ मध्ये फ्रान्सला हरवल्यावर सगळ्यांना प्रशियासारखं दिसावंसं वाटलं. इंग्रज पायदळाने १८७८ मध्ये सुळकेवालं हेल्मेट घेतलं. चिलीच्या सैन्याची काही दलं संचलनात आजही पिकेलहाउब घालतात.

आणखी मागे, सतराव्या शतकात गेलं तर राज्यांचे बिल्ले नाहीतच. तिथे बनावटीवरून ओळखायचं. शेवंडीच्या शेपटीचं हेल्मेट तेव्हा युरोपभर होतं, आणि ते मूळ पूर्वेकडून, तुर्कांकडून आलेलं. इंग्रजी बनावटीला पुढचा छज्जा वर-खाली होतो आणि त्याला चेहऱ्यापुढे तीन सळ्या. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या बनावटीला छज्जा पक्का आणि नाकापुढे वर-खाली सरकणारी एकच पट्टी. ही सरकती नाकपट्टी आपल्याकडच्या जुन्या शिरस्त्राणांनाही असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांच्या दालनात गेलात तर तिकडे जरा लक्ष द्या. त्या काळात प्रांतापेक्षा शहर महत्त्वाचं होतं. न्युर्नबर्गच्या लोहारांच्या मालावर शहराचा ‘एन’, आउग्सबुर्गच्या मालावर पाइनच्या झाडाचं फळ. हे शिक्के इतके छोटे असतात की बोटाच्या नखाखाली झाकले जातात.

आणखी दोन शंका

‘हे नाझींचं तर नाही?’ बहीण, म्हणजे भाच्याची आई, हे सगळं फॅमिली ग्रुपवर वाचत होती. तिने हे विचारलं आणि विचारणं रास्त होतं. नाही. चामड्याचं हेल्मेट तोफगोळ्यांच्या तुकड्यांपुढे टिकेना, म्हणून १९१६ पासून खंदकांतल्या जर्मन सैनिकाच्या डोक्यावर पोलादी हेल्मेट आलं, आणि १९१८ साली सम्राट आणि सगळे राजे गेले. सुळका त्यांच्याबरोबर गेला. नाझी चिन्हांवर जर्मनीत कायद्याने बंदी आहे, त्यात ही हेल्मेटं येत नाहीत.

‘स्टुटगार्टला सापडलं म्हणजे स्टुटगार्टचंच असणार ना?’ हा भाच्याचा शेवटचा प्रयत्न. सापडलेल्या जागेवरून फार काही ठरत नाही. युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी हजारो पिकेलहाउब उचलून नेली आणि युद्धकर्जाच्या प्रचारासाठी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनजवळ त्यांचा पिरॅमिड रचला. मग ती अमेरिकाभर वाटली गेली. आज ओहायोतल्या माळ्यावर सापडलेलं हेल्मेट म्युनिकचं असू शकतं.

शेवटी विकणारा बिल्ला काढायला तयार झाला. खाली चार भोकं. आणि चामड्यावर गडद सावली, तिला एक वळलेली शेपूट आणि वर उचललेला पंजा. ग्रिफिन. म्हणजे हेल्मेट बाडेनचं, कार्ल्सरूहकडच्या कोठारातून १९०८ साली निघालेलं. वर व्युर्टेंबर्गचा बिल्ला आणि चकती कुणीतरी नंतर चढवलेली, बहुधा स्टुटगार्टच्या गिऱ्हाइकाला गावचं वाटावं म्हणून.

भाच्याने विकणाऱ्याला हे सगळं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये समजावलं. म्हातारा शांतपणे ऐकत होता. मग त्याने एकच वाक्य सांगितलं, ते भाच्याने मला तसंच टाइप करून पाठवलं. १८७० च्या करारानुसार बाडेनच्या पलटणी प्रशियाच्या सैन्यात मिसळल्या होत्या, तेव्हा मी प्रशियन म्हणालो त्यात चूक काय?

काही चूक नाही. मी भाच्याला लिहिलं, निम्म्या भावात देत असेल तर घे, आणि तो बिल्ला वेगळा ठेव.